किमो आणि रेडिएशन: कोणता त्रास कधी होतो आणि घरी काय करावे

कर्करोगाच्या उपचारांत किमोचा त्रास जास्त की रेडिएशनचा, हे घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या आम्हाला घरोघरी विचारतात. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत, कारण त्यांचे हिशेब वेगळे आहेत. किमोचे औषध रक्तातून अंगभर फिरते, म्हणून त्याचा त्रास डोसच्या तारखेपासून मोजायचा. रेडिएशन बाधते मुख्यतः ज्या भागावर दिले त्याच भागाला, आणि रोज थोडे थोडे साचत जाते. म्हणून आमची परिचारिका किमोच्या रुग्णाला आधी विचारते, ‘आज कितवा दिवस?’ आणि रेडिएशनच्या रुग्णाला विचारते, ‘शेक कुठे आणि किती झाले?’ शेक म्हणजे रेडिएशनची एक पाळी. ही उत्तरे घरातल्या निदान दोघांना तोंडपाठ हवीत.

किमो: तारखेचा हिशेब

सलाइन लागते तो पहिला दिवस धरा आणि कॅलेंडरवर खूण करा. बरीचशी किमो १४ किंवा २१ दिवसांनी असते, काही दर आठवड्याला. मळमळ दोन टप्प्यांत येते: पहिल्या २४ तासांत, आणि मग दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. पहिली रात्र बरी गेली म्हणून गोळ्या थांबवल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू होतात, असे फार वेळा होते. एकदा उलट्या लागल्या की तीच गोळी पोटात टिकत नाही. त्यामुळे लिहून दिलेले दिवस त्रास नसला तरी पुरे करा. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट घट्ट होते. दोन दिवस शौच झाले नाही तर डॉक्टरांना विचारून रेचक घ्या, पण घरच्या घरी एनिमा देऊ नका. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना गुदद्वाराला झालेली छोटी जखमही महागात पडते.

खरी काळजी साधारण ७व्या ते १४व्या दिवसात. या काळात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. रुग्ण हिंडता-फिरता असतो, उलट्याही थांबलेल्या असतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. रोज सकाळ-संध्याकाळ आणि अंगात कणकण वाटेल तेव्हा ताप मोजा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त आले, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचे. उपचार जिथे चालू आहेत तिथे फोन करा, नाहीतर थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय जवळ असेल तर तिथे. गाडी नसेल तर १०८. दारात पोचताच ‘किमोचा रुग्ण, आज इतकावा दिवस’ हे आधी सांगा, कारण अशा तापात शिरेतले अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. आकडा लिहून ठेवण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप दबतो, जंतू तसेच राहतात. पावसाळ्यात ‘डेंग्यूची साथ आहे, दोन दिवस बघू’ म्हणत घरी बसणे ही आम्हाला दिसणारी सर्वांत धोक्याची चूक.

हिरड्यांतून रक्त, अंगावर बारीक लाल ठिपके, काळी शौच, ही प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरल्याची लक्षणे. त्याच दिवशी कळवा. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. सगळ्याच औषधांनी ते गळत नाहीत.

पुढचे औषधावर ठरते, म्हणून डिस्चार्ज कार्डावरचे नाव वाचायला शिका. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग असतो. ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस फ्रिजमधले पाणी पिऊ नये, फ्रिजमध्ये उघडा हात घालू नये, नाहीतर घसा आवळल्यासारखा वाटतो आणि बोटांत सुया टोचतात. पॅक्लिटॅक्सेलने पायांची जाणीव कमी होते. अंगणात अनवाणी फिरू नका आणि गरम पाण्याचा अंदाज कोपराने घ्या. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. फोड आले की गोळी चालू ठेवायची की नाही हे फोनवर विचारा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका. सलाइन लागलेल्या जागी घरी आल्यावर आग, सूज किंवा फोड दिसला तर रुग्णालयाला लगेच कळवा. तिथे शेकणे, मालिश काही नको.

डोसनंतर ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, झाकण लावून दोनदा फ्लश करावे, माखलेले कपडे वेगळे धुवावेत. गरोदर सुनेला किंवा मुलीला हे काम देऊ नये. सोबत बसणे, जेवणे, मुलांना जवळ घेणे यात काहीच अडचण नाही.

रेडिएशन: जागेचा हिशेब

सहसा सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटे. यंत्राखाली दुखत नाही. पहिले दोन आठवडे सहसा फारसे जाणवत नाही आणि मग कातडी, तोंड किंवा पोट बोलू लागते. शेवटचा शेक झाला की त्रास दुसऱ्या दिवशी कमी होत नाही. आणखी आठ-दहा दिवस वाढतो आणि मग उतरतो. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगातून किरणे निघत नाहीत. थायरॉइडसाठी दिलेल्या किरणोत्सारी आयोडिनचे नियम वेगळे, ते रुग्णालय सांगते.

तोंड-घशाचे रेडिएशन सर्वांत जड जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. साधारण ३० ते ३५ शेक, सहा-सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ चिकट होते, चव जाते, गिळताना डोळ्यांत पाणी येते. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात १ छोटा चमचा मीठ आणि १ छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरा. हे पाणी रोज ताजे करा. बाजारातला झोंबणारा माउथवॉश नको, आणि ‘फेणीने जंतू मरतात’ म्हणून फेणीची चूळ तर अजिबात नको. सोलकढी, तिखट हुमण, चिंच हे तोंड बरे होईपर्यंत बाजूला. उकड्या तांदळाची मऊ पेज, तूप घातलेली आटवल, वाटलेले मासे, अंड्याचे कस्टर्ड चालते. जेवणाआधी अर्धा तास दुखण्याचे औषध घेतले तर चार घास जास्त जातात.

दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन उतरले की शेकावेळी डोके स्थिर ठेवणारा तोंडावरचा मास्क सैल होतो, नेम चुकतो, पुन्हा स्कॅन करावे लागते. नाकातून नळी घालायला सांगितली तर उशीर करू नका. नळीतून देताना रुग्णाला निदान ३० ते ४५ अंश बसवा, नळीवरची नाकाजवळची खूण सरकलेली नाही हे आधी पाहा, एका वेळी साधारण २०० ते २५० मिलिलिटर सावकाश द्या, शेवटी ३० मिलिलिटर पाणी सोडा आणि अर्धा-एक तास आडवे करू नका. नळी तुंबते ती बहुतेकदा न गाळलेल्या नाचणीच्या सत्त्वाने किंवा जाडसर कुटलेल्या गोळीने. खूण सरकली किंवा ठसका लागला तर काहीही न देता आम्हाला बोलवा.

दातांचे काम शेक सुरू होण्याआधी करून घ्या. काढलेल्या दाताची जखम भरायला दहा-चौदा दिवस लागतात. नंतर पुढे कित्येक वर्षांनीही, दंतवैद्याला जबड्यावर रेडिएशन झाल्याचे सांगितल्याशिवाय दात काढू नका, जबड्याचे हाड सडू शकते. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करा. मानेला शेक झालेल्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर सहा ते बारा महिन्यांनी तपासावे.

स्तनाच्या शेकात काख आणि स्तनाखालची घडी आधी सोलवटते, आणि आपल्या दमट हवेत घामाने ती लवकर चिघळते. सैल सुती कपडे, कोमट पाणी, सौम्य साबण, घासणे नाही. शेकाला जाण्याआधी खोबरेल तेलाचा किंवा मलमाचा जाड थर नको, टाल्कम पावडर आणि सुगंधी स्प्रेही नको. शेकासाठी कातडीवर आखलेल्या खुणा पुसू देऊ नका. पुसल्या तर घरी स्वतः पेनने गिरवू नका. ओटीपोटाच्या शेकात जुलाब आणि लघवीला आग होते. ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, ताक, केळे, भात. पालेभाजी आणि दूध काही दिवस कमी.

रेडिएशनची सुटी स्वतःहून घेऊ नका. चतुर्थी असो, जत्रा असो, तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दिवस लांबले की गुण कमी येतो. सण जवळ असेल तर तारखा आधीच विभागाला विचारा.

दोन्ही एकत्र असतील तर

शेक चालू असताना आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचे औषध असेल, तर दोन्ही हिशेब एकाच वेळी सांभाळायचे. सोललेल्या तोंडातून जंतू शिरतात आणि त्याच वेळी पेशी कमी असतात. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड, म्हणून पाणी कमी पडता कामा नये. दिवसभराचे पाणी आणि लघवी वहीत मांडा. कानात घुं घुं सुरू झाली तर डॉक्टरांना पुढच्या डोसआधी सांगा.

विहिरीचे पाणी पावसाळ्यात उकळूनच प्या. मासे ताजे आणि पूर्ण शिजवलेले चालतात. तिसऱ्या-कालवे अर्धवट वाफवलेले नकोत. काढे, आयुर्वेदिक चूर्णे, हळदीच्या कॅप्सूल यांची नावे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, काही औषधे यकृतावर आणि किमोवर परिणाम करतात.

आमची परिचारिका येण्याआधी एका फाइलमध्ये ठेवा: डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या डोसची तारीख, झालेल्या शेकांचा आकडा, ताजा सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी), ताप आणि वजनाची वही. पांढऱ्या पेशी वाढवायचे इंजेक्शन आणले असेल तर ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. किमोची सलाइन आम्ही घरी लावत नाही.