ई-20 पेट्रोल आणि जुन्या गाडीचं टायमिंग : पार्श्वभूमी

पद्मिनी, अॅम्बेसेडर, हेराल्ड या जुन्या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, पुस्तकातल्या अंशांवर ठेवायचं की डेल्को (प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर) थोडा फिरवून पुढं घ्यायचं, म्हणजे ठिणगी लवकर द्यायची, यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं एकमत नाही. वादाचं मूळ इंजिनात नसून पेट्रोलमध्ये आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या दांडीनं ड्रायव्हरच ठिणगी पुढं-मागं करायचा. पुढं डेल्कोत हे काम आपोआप करणारी फिरती वजनं आणि व्हॅक्यूमची डबी आली आणि मिस्त्रीकडं फक्त सुरुवातीचं टायमिंग उरलं. ते अंश छापले गेले तेव्हा पेट्रोलमध्ये ऑक्टेन वाढवणारं शिसं होतं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं. 2003 मध्ये महाराष्ट्रात 5 टक्के इथेनॉल आलं, तेही आपल्याच उसाच्या मळीपासून. 2022 मध्ये प्रमाण 10 टक्क्यांवर गेलं, 2023 पासून 20 टक्क्यांचं, म्हणजे ई-20 पेट्रोल पंपांवर आलं आणि दोनेक वर्षांत तेच सगळीकडं मिळू लागलं. एके काळी साध्या पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी भडकून नॉकिंग (इंजिनातली टकटक) न होऊ देण्याची क्षमता, 87 होतं, नंतर 91 झालं. ई-20 चं किमान 95 आहे.

इथंच मतं फुटतात. ऑक्टेन वाढलं, आता नॉकिंगची भीती नाही, टायमिंग पुढं घ्या, असं एक गट म्हणतो. गाडीला पिकअप येतो, हे खरं आहे. पण तो का येतो, हे बघायला हवं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, मात्र जुनाच, त्यामुळं मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी असलेलं होतं. लीन मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर दिली की इंजिन खूश होतं. म्हणजे टायमिंगनं जेटची उणीव झाकली जाते. इंजिन मात्र गरम चालतच राहतं, आणि घाटात त्याचा त्रास होतो. ऑक्टेन जास्त असल्यानं कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनांची ताकद आपोआप वाढत नाही. माझ्या मते आधी जेट एक नंबर मोठा करावा, मिश्रण बरोबर झालं का ते प्लगच्या रंगावरून बघावं, मगच डेल्कोचा बोल्ट सैल करावा.

त्याहीआधी पॉइंट, म्हणजे डेल्कोतले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागं पडतं. कित्येक गाड्यांचा "मंदपणा" एवढाच असतो. गॅप लावून, टेस्ट लॅम्पनं (पॉइंट नेमका कधी उघडतो ते दाखवणाऱ्या दिव्यानं) पुस्तकातला अंश धरून, तिथून एक-दोन अंश पुढं. मग गाडी भरून करूळ घाट गगनबावड्याकडं तिसऱ्या गिअरमध्ये चढवावी. टकटक ऐकू आली की परत मागं.

आता बरेच जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. त्यानं झिजेचा प्रश्न सुटतो. वजनांच्या स्प्रिंगा मात्र जुन्याच राहतात. त्या ढिल्या पडल्या असतील तर आरपीएम चढायच्या आधीच टायमिंग पुढं पळतं, म्हणून किट बसवतानाच त्याही तपासून घ्याव्यात.