समाधानी रुग्ण आणि बरा झालेला रुग्ण

गुडघा बदलल्यावर पाचव्या दिवशी आईला घरी सोडलं, तेव्हा निघताना एक फॉर्म हातात आला. डॉक्टर नीट बोलले का, वॉर्ड स्वच्छ होता का, जेवण वेळेवर मिळालं का. आई म्हणाली, "सगळ्यांना पैकीच्या पैकी दे. पोरींनी फार केलं माझं." मी दिले, आणि ते खरंच होतं. पण आदल्या रात्री ती तासभरही झोपली नव्हती. सकाळची पेज दोन घोट घेऊन बाजूला सारली होती. हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

'रुग्णाचं मत' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक, उपचार घेतानाचा अनुभव. दुसरी, ऑपरेशननंतर माणूस कितपत सावरला. दोन्ही रुग्णच सांगतो, दोन्हींत आकड्यांवर खुणा करायच्या असतात, म्हणून गल्लत होते. पहिल्यात आपण हॉस्पिटलला गुण देतो, दुसऱ्यात आपल्याच प्रकृतीला.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दुसऱ्याचा चांगला नमुना म्हणजे 'क्यूओआर-१५' ('क्वालिटी ऑफ रिकव्हरी', म्हणजे माणूस कितपत सावरला हे विचारणारा फॉर्म). ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी आधीच्या ४० प्रश्नांच्या यादीवरून तो बेतला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. गेल्या २४ तासांबद्दल १५ प्रश्न, प्रत्येकी ० ते १० गुण, एकूण १५०. श्वास सहज घेता येतो का? जेवण रुचतं का? झोप लागली का? शौच-आंघोळ कुणाच्या मदतीशिवाय जमते का? घरच्यांशी बोलता येतं का? पुढे वेदना, मळमळ, काळजी, उदासपणा. इथे 'अजिबात नाही' म्हटलं की १० गुण. उदासपणा विचारला जातो, हे मला फार मोलाचं वाटतं. जखम भरली की नाही हे डॉक्टर पाहू शकतात, पण मन खचलंय हे विचारल्याशिवाय कसं कळणार? डॉक्टर-नर्सचा आधार मिळतो का, हाही त्यात एक प्रश्न आहे. पण पंधरांतला एकच.

हा फॉर्म पहिल्या काही दिवसांसाठी. गुडघ्याचा खरा हिशेब महिन्यांनी लागतो. त्यासाठी 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' ('नी' म्हणजे गुडघा) आहे: १२ प्रश्न, ४८ गुण, त्यात जिना उतरणं, गुडघे टेकणं, रात्रीचं दुखणं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एप्रिल २००९ पासून गुडघा किंवा खुबा बदलणाऱ्यांना ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी असे प्रश्न विचारतात. आधीचा आकडा हवाच. नंतरचे ३० गुण आधीच्या १२ वरून आले की २८ वरून, यावर सगळं अवलंबून आहे. अनुभवाच्या फॉर्मला असा 'आधी' नसतोच.

गोव्यात आणखी एक अडचण मला दिसते. शेजारीण कुंपणावरून विचारते, "आतां बरें मगो?" आणि आई म्हणते, "बरें." ही रीत झाली, माहिती नव्हे. इंग्रजी फॉर्म पुढे आला की मुलगा भरतो, आणि मुलाला आईच्या वेदनेचा आकडा माहीत नसतो. मी तेच केलं, याची मला खंत आहे. प्रश्न तिच्या भाषेत, तिलाच विचारायला हवेत आणि उत्तर येईपर्यंत थांबायला हवं.

डिचोलीला घरी आल्यावर मी तिला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन आकडे लिहायला सांगितले: झोप, जेवण, दुखणं. ही काही प्रमाणित पद्धत नव्हे. पहिल्या आठवड्यात झोपेपुढे २, ३, २ होते. टाके काढायला गेलो तेव्हा ते पान फाडून सोबत नेलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, वेदनेची रात्रीची गोळी बदलली आणि मला बाजूला सारून आईला विचारलं, "तुम्हाला जाग नेमकी किती वाजता येते?"