फॅनेट बेट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, टाहो सरोवरात असलेले ग्रॅनाइटचे खडकाळ बेट. सिएरा नेवाडा पर्वतात समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मी. उंचीवर पसरलेल्या आणि जवळपास ५०० मी. खोल असलेल्या या सरोवरातले हे एकमेव बेट आहे. सरोवराच्या नैर्ऋत्येस एमराल्ड बे नावाचे चिंचोळे आखात आहे; त्याच्या आतल्या टोकाजवळ हे बेट पाण्यातून सुमारे ४५ मी. वर आले आहे.

हिमयुगात डोंगरातून उतरलेल्या हिमनदीने एमराल्ड बेचे खोरे कोरले. तिने ढकलत आणलेल्या दगडमातीचे उंच बांध, म्हणजेच हिमोढ, आजही आखाताच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत आणि आखाताचे तोंड त्यांच्यामुळेच उथळ व अरुंद झाले आहे. बेटाचा ग्रॅनाइट मात्र टणक निघाला. बर्फ त्याच्यावरून घासत गेला, तरी तो पुरता झिजला नाही. किनाऱ्यावर उभे राहून खडक पाहिला की हा इतिहास समजायला फारसा वेळ लागत नाही. भेगांत माती साठली आहे तेवढ्याच जागी झुडपे आणि पाइन वृक्ष तग धरून आहेत, बाकी सगळा उघडा कातळ.

माथ्यावर छप्पर नसलेली, दगडी भिंतींची एक छोटी खोली दिसते. लोरा जोसेफिन नाइट या श्रीमंत बाईंनी १९२९ मध्ये समोरच्या काठावर स्कँडिनेव्हियन धाटणीचा ‘व्हायकिंग्जहोम’ हा वाडा बांधला, त्याच सुमारास बेटावर हे चहागृह उभे राहिले. आत कोपऱ्यात शेकोटी, मधोमध ओकचे टेबल व खुर्च्या असत. उन्हाळ्यात पाहुण्यांना मोटारबोटीने इथे चहाला आणत. पुढे नासधूस करणाऱ्यांनी लाकूडकाम सगळे संपवले, फक्त दगड राहिले. इतक्या देखण्या जागेची ही हानी मनाला लागते.

त्याआधीची आठवण डिक बार्टर या इंग्रज खलाशाची. १८६३ पासून तो एमराल्ड बेत एका बंगल्याची राखण करत एकटा राहत होता. आपल्याला इथेच पुरावे म्हणून त्याने बेटावर स्वतःसाठी थडगे बांधून ठेवले होते. १८७३ मध्ये त्याची होडी वादळात बुडाली आणि त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. थडगे रिकामेच राहिले.

बेटावर पूल नाही की नियमित फेरी नाही. स्वतःची किंवा भाड्याची होडी, कयाक किंवा पॅडलबोर्ड घेऊनच जावे लागते. ८९ क्रमांकाच्या महामार्गाजवळच्या वाहनतळावरून व्हायकिंग्जहोमच्या काठापर्यंत सुमारे दीड किलोमीटरची खडी उतरण आहे; परतताना हीच चढण दमवते. हंगामात खाली कयाक भाड्याने मिळतात आणि तिथून बेट हाकेच्या अंतरावर आहे. तरीही सकाळी लवकर निघावे: दुपारी वारा सुटतो, मोठ्या बोटींच्या लाटा वाढतात. पाणी भर उन्हाळ्यातही गार असते, म्हणून जीवरक्षक जाकीट अंगात हवेच. बेटाला धक्का नसल्याने खडकांच्या बेचक्यात होडी लावून पाण्याबाहेर ओढून ठेवावी लागते. वर चहागृहापर्यंत जाणारी पायवाट खडबडीत, काही ठिकाणी घसरणीची आहे, तेव्हा साध्या चपलांनी जाऊ नये.

दर वर्षी १ फेब्रुवारी ते १५ जून बेट पूर्ण बंद असते. या काळात कॅनडा हंस इथे घरटी करतात. माणूस जवळ आला की हे पक्षी उठून जातात आणि अंडी उघडी पडतात. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यान खात्याचा हा नियम योग्यच आहे. बेट खुले असतानाही ते फक्त दिवसाच पाहता येते. मुक्कामाला आणि कुत्र्यांना परवानगी नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातून सुटीला टाहोला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच जूनच्या उत्तरार्धापासूनचा काळ निवडावा. त्याआधी गेल्यास महामार्गावरच्या इन्स्पिरेशन पॉइंटवरून संपूर्ण आखात आणि मधले बेट दिसते.