गृह मतदानासाठी अर्ज १२-डी: पात्रता, कागदपत्रे आणि बदललेल्या पद्धतीचे परिणाम

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना, तसेच किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना अर्ज १२-डी भरून घरी बसून टपाली मतपत्रिकेवर मत देता येते. ही सोय २०१९ च्या नियमदुरुस्तीने सुरू झाली तेव्हा वयाची अट ८० वर्षांची होती. मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. त्यामुळे ८२ वर्षांच्या आजींना पूर्वी ही सोय मिळाली असती, तरी आता केवळ वयाच्या आधारावर ती मिळत नाही. निवडणूक आयोगाने त्या त्या निवडणुकीसाठी अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांनाही हाच अर्ज भरता येतो, मात्र त्यावर त्यांच्या विभागाच्या समन्वय अधिकाऱ्याचे प्रमाणन लागते आणि मत घरी नव्हे, तर टपाली मतदान केंद्रावर जाऊन द्यावे लागते.

खान्देशात एक गैरसमज फार आढळतो. कामधंद्यासाठी सुरत-उधन्याला राहणाऱ्या किंवा ऊसतोडीला गेलेल्या मतदारांना ‘टपालाने मत पाठवता येईल’ असे सांगितले जाते. तशी कोणतीही तरतूद नाही. केवळ बाहेरगावी असणे हे टपाली मतदानाचे कारण ठरत नाही. अशा मतदाराने मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर यावे लागते.

अर्ज १२-डी विनामूल्य आहे. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपले बीएलओ, पात्र मतदारांच्या घरी येऊन तो देतात आणि भरून घेतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. या मुदतीनंतर तहसील कार्यालयात कितीही विनवणी केली तरी उपयोग होत नाही. अर्जात मतदार यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, पत्ता आणि मोबाईल क्रमांक अचूक लिहावा, कारण मतदान पथक कधी येणार हे त्यावरच कळवले जाते. दिव्यांग मतदाराने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडावी. ज्येष्ठांनी यादीत आपले वय बरोबर नोंदले आहे का, हे निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

अर्ज ऐच्छिक आहे, परंतु तो मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते आणि केंद्रावर जाऊन मत देण्याचा मार्ग बंद होतो. पथक पहिल्या भेटीत मतदार घरी नसल्यास आणखी एकदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. म्हणून ज्यांना केंद्रापर्यंत जाणे जमते आणि आवडते, त्यांच्या वतीने मुलांनी किंवा सुनांनी परस्पर हा निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. मत त्यांचे आहे.

पथकात मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारी व्यक्ती असते. उमेदवारांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. चित्रीकरण प्रक्रियेचे होते, मत कोणाला दिले याचे नाही, आणि ही गोपनीयता घरच्यांनीही पाळली पाहिजे. मतदार अंध असेल किंवा हात थरथरत असल्याने खूण करता येत नसेल, तर सज्ञान सोबत्याची मदत घेता येते. खूण केलेली मतपत्रिका लहान पाकिटात (१३-ब) बंद करायची, सही किंवा अंगठा असलेले आणि अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले घोषणापत्र (१३-अ) मात्र त्या पाकिटाच्या बाहेर ठेवायचे, आणि मग दोन्ही मोठ्या पाकिटात (१३-क) घालायचे. घोषणापत्र चुकून लहान पाकिटात गेले किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक जुळला नाही, तर ते मत मोजणीत बाद होते. हे पाऊल पथकासमोरच सावकाश, बघून करावे.

या सोयीचा खर्च मतदारावर पडत नाही, पण प्रशासनावर पडतो. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार आणि विधानसभेचा राज्य सरकार उचलते. जळगाव किंवा धुळे शहरात एक पथक एका दिवसात अनेक घरे करू शकते, परंतु नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्यातील पाडे डोंगरात विखुरलेले आहेत आणि मणिबेलीसारखी गावे नर्मदेवरील धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहेत. तिथे एका मतासाठी वाहन, मनुष्यबळ आणि अख्खा दिवस लागू शकतो. तो खर्च योग्यच आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्या मतदारापुढे दुसरा मार्ग नाही.

निवडणुकीच्या कामावरील शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांसाठीचा अर्ज वेगळा, म्हणजे नमुना १२, आहे. पूर्वी ते मतपत्रिका घरी नेऊन मोजणी सुरू होईपर्यंत टपालाने पाठवू शकत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यांना सुविधा केंद्रावरच, म्हणजे त्यांच्यासाठी उघडलेल्या टपाली मतदानाच्या जागी, मत द्यावे लागते. मतपत्रिका अनेक दिवस हातात राहिल्याने येणारा दबाव आणि आमिष यामुळे टळते, हा मोठा फायदा आहे.

मोजणीत टपाली मतांना सकाळी ८ वाजता सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने ईव्हीएमची मोजणी सुरू होते. प्रत्येक पाकीट हाताने उघडून तपासावे लागत असल्याने वेळ लागतो. टपाली मते पूर्ण मोजल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी घेऊ नये, असा निर्णय आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिममध्ये ईव्हीएमच्या मोजणीत एका मताने मागे असलेला उमेदवार टपाली मतांमुळे ४८ मतांनी निवडून आला, आणि आपल्या धुळे मतदारसंघाचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकालापूर्वी त्या सर्व बाद मतांची फेरपडताळणी बंधनकारक असते.

जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग वेगळ्या नियमांनी घेतो. अर्ज १२-डी तिथे चालत नाही.