बेशरम उपटण्याआधीची गोष्ट

भंडारा-गोंदियाकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बाया कुदळी घेऊन काठाच्या चिखलात उतरतात. उपटायची असते बेशरम नावाची झुडपासारखी वनस्पती. गुलाबी कर्ण्यासारखी फुलं, पोकळ दांडा, दक्षिण अमेरिकेतलं मूळ. नुसती कापली तर पुन्हा फुटते. मुळापासून खणावी लागते आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेऊन वाळवावी लागते, कारण ओल्या गाळात पडलेला तुकडाही रुजतो. नाव उगाच पडलेलं नाही. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनीच ती कुंपणाला लावली होती.

पण ती तलावात इतकी कशी माजली, हे कळायला मागे जावं लागतं.

इथले तलाव सुमारे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. पाळ, पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी जायला सलंग, आणि वाटपाला गावाचा पाटकरी, अशी सगळी व्यवस्था. साचलेला गाळ शेतात जायचा. पुढे मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करणारे जमीनदार, तलावाचे धनी झाले, तरी देखभाल गावातच राहिली.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. मात्र हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलीतले ‘मामा तलाव’, पूर्व विदर्भात सहा हजारांवर. इतक्या पाळींकडे कार्यालयातून कोण बघणार? पूर्वी हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी आली तसा गावाचाही हात सुटला. गाळ साचत गेला, तलाव उथळ झाले. बेशरमीला नेमकी अशीच उथळ, ओली जागा लागते.

झळ बसली ती मासेमारांना. काठची देवधानं, म्हणजे रानटी भात, आणि पाण्यातली हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारखी झाडं गेली. त्यांच्यात अंडी घालणारे, लपणारे गावठी मासेही कमी झाले. तलावात सोडलेल्या रोहू-कटल्याने वजन भरलं, पण घरच्या कालवणातली मरळ दुर्मीळ झाली.

म्हणून या बाया बेशरम काढून थांबत नाहीत. मोकळ्या झालेल्या चिखलात त्या दुसऱ्या तलावातून आणलेली देशी पाणवनस्पतींची रोपं खोचतात. कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर जगते, हे जाळं टाकणाऱ्या घरांना आधीपासून ठाऊक होतं.