शासकीय कर्मचाऱ्यांचे ताणमापन (सोलापूर जिल्हा)

शासकीय नोकराला कामातून आणि घरसंसारातून येणारा मानसिक ताण अंकांत मांडण्याची रीत. रक्तदाब किंवा लाळेतील कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक) यांवरून शरीर कसे वागते ते कळते, पण ताण साहेबामुळे आला की मुलीच्या लग्नामुळे, हे त्यातून उमगत नाही. म्हणून मुख्य भिस्त कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर असते.

कामाच्या ताणासाठी भारतात ए. के. श्रीवास्तव व ए. पी. सिंह यांचा व्यावसायिक ताण निर्देशांक (१९८१) बराच वापरला जातो. त्यात ४६ विधाने असून ती १२ घटकांत विभागलेली आहेत : कामाचा अतिभार, भूमिकेची संदिग्धता, अधिकारशून्यता, सहकाऱ्यांशी बिघडलेले संबंध इत्यादी. त्यांतील ‘अवाजवी गटबाजी व राजकीय दबाव’ हा घटक एखाद्या तहसील कचेरीत बसूनच सुचला असावा, असे वाटते. आयुष्यातील ताणासाठी होम्स व राहे यांची ४३ घटनांची श्रेणी (१९६७) प्रसिद्ध आहे. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १००, विवाहाला ५० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. गुरमीत सिंग व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतीय जीवनाला धरून ५१ घटनांची यादी केली. मुलीचे किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न, हुंड्यावरून वाद, मोठे कर्ज अशा घटना तीत आल्या. पतसंस्थेचे हप्ते कापून हाती उरणारा पगार किंवा मुख्यालयी राहण्याची सक्ती असताना रोजचे अप-डाऊन यांना मात्र कोणत्याच यादीत स्वतंत्र जागा नाही. मुळात ही अडचण घरची की कचेरीची, हे ठरवणेही कठीण.

तिसरे साधन म्हणजे शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांची जाणवलेल्या ताणाची श्रेणी (१९८३). तिच्या १० प्रश्नांच्या रूपात ० ते ४० गुण पडतात. चार प्रश्न उलट्या अर्थाचे असून त्यांचे गुण उलटे मोजतात, त्यामुळे न वाचता एकाच रकान्यात खुणा करणारा सापडतो. ही श्रेणी फक्त गेल्या महिन्याविषयी विचारते, आणि सोलापुरात हा महिना कोणता, यावर बरेच काही अवलंबून असते. आषाढी वारीला ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्या माळशिरस तालुक्यातून जिल्ह्यात शिरतात आणि महसूल, जिल्हा परिषद, आरोग्य, पोलीस या साऱ्यांना पंढरपूरची ड्यूटी लागते. त्याशिवाय मार्चअखेर, चाळिशी ओलांडलेल्या उन्हातला एप्रिल-मेचा बदल्यांचा हंगाम, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुका आहेतच. शहरात जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. आषाढीनंतर लगेच भरून घेतलेल्या अर्जात कर्मचाऱ्याइतकीच वारीही मोजली जाते. तो आकडा दिवाळीनंतरच्या आकड्याशेजारी मांडून ‘ताण घटला’ म्हणणे ही फसवणूकच. त्याच कचेरीत वर्षातून दोन-तीनदा, ठरलेल्या महिन्यांत मोजणी केली तर काही हाती लागते.

दुसरा पेच भीतीचा. अर्जावर नाव नसले तरी तालुका, संवर्ग, वय, लिंग एवढे भरले की छोट्या कचेरीत माणूस ओळखू येतो. अर्ज वरिष्ठांमार्फत गोळा होणार असतील, तर गोपनीय अहवाल डोळ्यांपुढे ठेवूनच उत्तरे लिहिली जातात आणि सगळे आलबेल दिसते. उलट, बदलीची विनंती प्रलंबित असलेल्याचे गुण फुगतात. म्हणून अर्ज बाहेरच्या संस्थेने, बंद पाकिटात घ्यावेत आणि वयाचे गट मोठे ठेवावेत. कमी-जास्त गुणांवरून आजाराचे निदान करू नये. कोहेन यांची श्रेणी त्यासाठी बनवलेली नाही.

संवर्गवार हिशेब मात्र आवर्जून करावा. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत अधिक आढळले. पुढील अभ्यासात कामावर स्वतःचा ताबा नसणे हे त्याचे एक कारण ठरले. कचेरीची एकच सरासरी काढली की शिपाई, कोतवाल आणि कंत्राटी संगणकचालक तीत दिसेनासे होतात. कंत्राटी माणसाला तर बहुतेक वेळा अर्जच दिला जात नाही, कारण आस्थापनेच्या यादीत त्याचे नाव नसते.