अकरा नावं कोणी ठरवायची?

२९ जून १९५० रोजी ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते इथे फुटबॉल विश्वचषकाच्या सामन्यात अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं, तेव्हा स्टॅनले मॅथ्यूज प्रेक्षकांत बसून होता. त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा आक्रमक, संघासोबत ब्राझीलला आलेला, आणि मैदानाबाहेर. आधीच्या सामन्यात इंग्लंडने चिलीला २-० असं हरवलं होतं, म्हणून तोच संघ कायम ठेवायचं ठरलं. ठरवलं कोणी? वॉल्टर विंटरबॉटम यांनी नाही. मॅनेजर म्हणून नाव त्यांचं होतं, पण संघ निवडण्याचा अधिकार फुटबॉल असोसिएशनच्या निवड समितीचा होता. समितीतर्फे दौऱ्यावर आले होते आर्थर ड्र्युरी, आणि त्यांनी अकरा नावं लिहून दिली. हेच ड्र्युरी पुढे फिफाचे अध्यक्ष झाले.

आज असं घडलं तर राग कुणावर काढायचा, हे पाठीराख्याला विचारावं लागत नाही. संघ जाहीर झाल्यावर पहिला चेंडू लाथाडला जाण्याआधीच मॅनेजरच्या नावाने शंख सुरू होतो: याला का बसवलं, त्याला का खेळवलं, घरच्या मैदानावर पाच बचावपटू कशाला? ही चिडचिड फुटबॉलइतकीच जुनी असेल असं वाटतं, पण तिचं आजचं रूप तितकं जुनं नाही. संघ निवडायचं काम समितीकडून एका माणसाच्या हातात गेलं, त्या दिवसापासून तिला चेहरा मिळाला.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लब उभे राहिले तेव्हा संघ निवडत ते क्लबचे संचालक. सेक्रेटरी पत्रव्यवहार बघायचा, प्रवासाची सोय करायचा, पगार वाटायचा. त्याच्या पदाला हळूहळू मॅनेजर हा शब्द चिकटला, तरी अकरा नावांवर शेवटचा शब्द संचालकांचाच राहिला. ॲस्टन व्हिलाने आपला पहिला मॅनेजर नेमला तो १९३४ साली, सहा वेळा लीग जिंकून झाल्यावर. मॅनेजरशिवाय सहा विजेतेपदं! आजच्या पाठीराख्याला हे वाक्य दोनदा वाचावं लागेल.

हे चित्र पालटायला हर्बर्ट चॅपमन कारणीभूत ठरले. ते १९२५ साली आर्सेनलला आले आणि त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढे दिला जाताना आक्रमकाच्या पुढ्यात प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते आता दोन पुरू लागले. गोलांचा पाऊस पडला: लीगच्या सगळ्यांत वरच्या, पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १,७०३. न्यूकॅसलकडून ७-० असा मार खाल्ल्यावर, चार्ली ब्यूकन या आपल्याच खेळाडूच्या आग्रहावरून, चॅपमन यांनी मध्यभागी खेळणाऱ्या सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू बनवलं. त्यातून जी रचना घडत गेली तिने आर्सेनलला १९३० साली एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा आणि १९३१ व १९३३ साली लीग मिळवून दिली. पण मागे थांबून, समोरच्याला अंगावर घेऊन एकदम उसळी मारणारा हा खेळ इतर गावांतल्या प्रेक्षकांना आवडत नसे. ‘लकी आर्सेनल’ असं ते हिणवायचे. संघाच्या खेळण्याच्या पद्धतीवरून, आणि ती पद्धत आखणाऱ्या माणसावरून, गर्दीने मत बनवायला लागण्याची ही सुरुवात होती असं मला वाटतं.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात मात्र समिती आणखी तीस वर्षं टिकली. १९५३ साली हंगेरीने वेम्बलीवर ६-३ असं झोडपलं, सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१ असं, तरीही टिकली. ती संपवली आल्फ रॅमसी यांनी. १९६२ साली मॅनेजरपद देऊ केलं गेलं तेव्हा त्यांची अट एकच होती: संघ मी निवडणार. असोसिएशनने ती मान्य केली.

या एका माणसाच्या कारकिर्दीत पुढची सगळी भांडणं बीजरूपाने सापडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

१९६६ च्या विश्वचषकात जिमी ग्रीव्हज हा इंग्लंडचा हुकमी गोलवीर होता. साखळी फेरीत फ्रान्सविरुद्ध त्याच्या नडगीला मोठी जखम झाली. उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि त्यानेच एकमेव गोल केला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज बरा झाला होता. आता काय करायचं? तेव्हा बदली खेळाडूचा नियमच नव्हता. उतरले ते अकरा शेवटपर्यंत, मग कुणी लंगडत का असेना. रॅमसी यांनी हर्स्टला ठेवलं, हर्स्टने तीन गोल केले, इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असं हरवलं. शिवाय बाद फेरीत त्यांनी पारंपरिक विंगर खेळवलेच नाहीत. विंगरवर जीव टाकणाऱ्या देशाला हे पचणं अवघड होतं. कप हातात आला म्हणून तोंडं बंद झाली.

चार वर्षांनी मेक्सिकोत नियम बदललेला होता. विश्वचषकात पहिल्यांदाच दोन बदली खेळाडूंची मुभा मिळाली. १४ जून १९७० ला लेओनमध्ये उपांत्यपूर्व सामना, समोर पुन्हा पश्चिम जर्मनी. इंग्लंड २-० ने पुढे. बेकनबाउअरने एक गोल फेडला आणि त्याच सुमारास रॅमसी यांनी बॉबी चार्लटनला बाहेर बोलावून कॉलिन बेलला आत पाठवलं. चार्लटन बत्तिशीचा, कडक ऊन, पुढे उपांत्य सामना. विचार कळण्यासारखा होता. थोड्या वेळाने मार्टिन पीटर्सही बाहेर आला. मग सीलरने बरोबरी साधली, जादा वेळेत म्युलरने तिसरा गोल मारला. त्यात आजारी गॉर्डन बँक्सच्या जागी गोलात पीटर बोनेटी उभा होता. इंग्लंडमध्ये पुढची कित्येक वर्षं लोक या पराभवाचं खापर चार्लटनच्या त्या बदलावर फोडत राहिले.

१९६६ साली मॅनेजरचा निर्णय शिट्टी वाजण्याआधी संपत होता. १९७० साली तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, घड्याळात वेळ दिसत असताना, रंगीत दूरचित्रवाणीवर होऊ लागला. चूक झाली तर तिचा मिनिट सांगता येऊ लागला. पाठीराख्याच्या रागाला सगळ्यांत जास्त दारूगोळा कशाने पुरवला असेल तर तो या बदली खेळाडूच्या नियमाने, असं माझं ठाम मत आहे. १९९२ च्या युरो स्पर्धेत स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना इंग्लंडचे मॅनेजर ग्रॅहम टेलर यांनी गॅरी लिनेकरला बाहेर काढलं. देशासाठी त्याचे ४८ गोल झाले होते, बॉबी चार्लटनच्या विक्रमापेक्षा एकच कमी, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. स्वीडन २-१ ने जिंकलं. टेलर यांचा चेहरा सलगमच्या रूपात वर्तमानपत्रात छापला गेला, आणि त्या चित्रापासून त्या सज्जन माणसाची पुढे कधीच सुटका झाली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

संघनिवडीत नाक खुपसायचा मोह मोठमोठ्यांनाही आवरला नाही. ब्राझीलचे ज्वाओ सालदान्या हे मूळचे पत्रकार, विचारांनी कम्युनिस्ट. त्यांच्या हाताखाली संघाने १९७० च्या विश्वचषकाची पात्रता फेरी सहापैकी सहा सामने जिंकून पार केली. तेव्हा देशात लष्करी राजवट होती आणि राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांना दारियो हा आक्रमक संघात हवा होता. राष्ट्राध्यक्षांनी आपलं मंत्रिमंडळ निवडावं, संघ मी निवडीन, अशा अर्थाचं उत्तर सालदान्यांनी दिलं. पेलेच्या तंदुरुस्तीवरूनही वाद झाले. स्पर्धेच्या तोंडावर, मार्च १९७० मध्ये सालदान्यांना काढलं गेलं आणि मारियो झागालो आले. त्यांनी दारियोला संघात घेतलं आणि एकही मिनिट खेळवलं नाही. ब्राझीलने कप जिंकला.

मग पाठीराखे बरोबर असतात की चूक? इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. इटलीत १९८२ साली एन्झो बेआर्झोत यांच्यावर सगळा देश उलटला होता. लीगमधला सर्वाधिक गोल करणारा रॉबेर्तो प्रुत्सो घरी राहिला, आणि संघात आला पाओलो रॉसी, सामनानिश्चितीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच मैदानात परतलेला. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले, पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. रॉसी चाचपडत होता. टीका इतकी झोंबली की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बेआर्झोत यांनी रॉसीला हलवलं नाही. अर्जेंटिनाविरुद्ध विजय मिळाला, मग ब्राझीलविरुद्ध रॉसीचे तीन गोल, पोलंडविरुद्ध दोन, अंतिम सामन्यात एक. इटली विश्वविजेता. १९९८ साली फ्रान्सच्या एमे जाके यांची कथा हीच. कँतोना आणि जिनोला यांना त्यांनी बाहेर ठेवलं, ‘लेकीप’ या क्रीडा दैनिकाने महिनोन्‌महिने त्यांना झोडपलं. अंतिम सामन्यात ब्राझीलवर ३-० असा विजय मिळाल्यावरही टीकाकारांना कधी माफ करणार नाही असं जाके म्हणाले.

याच्या उलट रोमारिओचं प्रकरण. राखीव बाकावर बसवल्याची उघड तक्रार केली म्हणून कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी त्याला ब्राझीलच्या संघाबाहेर ठेवलं होतं. १९९३ च्या जुलैत बोलिव्हियात ब्राझील हरलं, पात्रता फेरीतला त्यांचा इतिहासातला पहिलाच पराभव, आणि रोमारिओला आणा ही मागणी देशभर गाजू लागली. उरुग्वेविरुद्धच्या शेवटच्या सामन्यासाठी पारेरांनी त्याला बोलावलं. माराकानावर ब्राझील २-० ने जिंकलं, दोन्ही गोल रोमारिओचे. पुढच्या वर्षी कपही आला. इथे गर्दीला जे दिसत होतं ते मॅनेजरला उशिरा दिसलं. (२००२ साली त्याच रोमारिओसाठी तीच मागणी झाली, तेव्हाचे मॅनेजर स्कोलारी बधले नाहीत, आणि रोनाल्डोच्या दोन गोलांवर ब्राझील जिंकलं. गर्दी दर वेळी बरोबर नसतेच.)

पण पारेरांच्या संघाबद्दलची तक्रार कप जिंकूनही मिटली नाही, आणि ही तक्रार मला जास्त खोल वाटते. अंतिम सामना १२० मिनिटं ०-० राहिला आणि पेनल्टीवर सुटला. चोवीस वर्षांनी विश्वचषक मिळूनही तो संघ अनेक ब्राझिलियन लोकांच्या मनात १९८२ च्या हरलेल्या संघाइतका घर करू शकला नाही. सामना कसा खेळला जातो, यावर पाठीराख्याचा हक्क असतो. तो निकाल बघायला येत नाही; निकाल घरबसल्या कळतो. २०१६ साली लुई व्हान खाल यांच्या मँचेस्टर युनायटेडमध्ये चेंडू आडवा फिरत राहायचा आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ‘अटॅक, अटॅक, अटॅक’ असा घोष उठायचा. २१ मे रोजी त्यांनी एफए कप जिंकला आणि २३ मे रोजी त्यांची नोकरी गेली.

त्याच मैदानावर डिसेंबर १९८९ मध्ये एक फलक झळकला होता: तीन वर्षं सबबी सांगून झाल्या, तरी खेळ भिकारच, आता रामराम फर्गी. ॲलेक्स फर्ग्युसन यांना संचालकांनी ठेवलं. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या गोलवर एफए कपचा सामना जिंकला गेला, मे महिन्यात कप आला, आणि पुढे तेरा लीग विजेतेपदं. प्रत्येक अडचणीतल्या मॅनेजरचे समर्थक हा दाखला देतात. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण संयम दाखवूनही ज्यांचं काही झालं नाही त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही.

आर्सेनलमध्ये आर्सेन व्हेंगर यांच्याबाबत तर पाठीराखे एकमेकांतच फुटले. २००३-०४ चा हंगाम एकही पराभव न होता संपवणारा माणूस, लीगमध्ये सलग ४९ सामने अपराजित. त्याच माणसाच्या संघाने २०११ साली ओल्ड ट्रॅफर्डवर आठ गोल खाल्ले. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावरून एक विमान त्यांना घालवा असा फलक ओढत गेलं, आणि दुसरं त्यांच्यावर विश्वास ठेवा सांगत. आर्सेनल ३-१ ने हरलं. बावीस वर्षांनंतर, २०१८ साली ते गेले.

हा राग अलीकडे इतक्या लवकर का पेटतो, याला नियमांतही कारण आहे. २००२-०३ पासून खेळाडूंची खरेदी-विक्री ठरावीक खिडक्यांपुरती बांधली गेली. नोव्हेंबरात संघ घसरला तर नवा बचावपटू आणता येत नाही, मॅनेजर मात्र बदलता येतो. म्हणून सगळा दाब तिथे जातो. त्यात बदली खेळाडू दोनाचे तीन आणि २०२२ पासून कायमचे पाच झाले. गोलरक्षक सोडून मैदानावरच्या दहा खेळाडूंपैकी निम्मे बदलायची ताकद एका माणसाकडे, म्हणजे एका सामन्यात भांडायला पाच निर्णय आणि न केलेल्या बदलांचा हिशेब वेगळाच. आकडेवारी आता सगळ्यांना खुली आहे. सराव तेवढा बंद दाराआड चालतो: कोण लंगडतोय, कोण झोपला नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे मॅनेजरलाच माहीत, आणि बहुतेक वेळा ते त्याला सांगताही येत नाही.

जो संघ उतरला नाही त्याचा सामना कधीच खेळला जात नाही. ग्रीव्हज अंतिम सामन्यात असता तर काय झालं असतं, यावर म्हातारे पाठीराखे अजून वाद घालतात. ५७ सामन्यांत ४४ गोल करणारा हा माणूस त्या दिवशी बाकाजवळ सुटाबुटात होता. १९६६ साली पदकं फक्त मैदानात उतरलेल्या अकरांना मिळाली. ग्रीव्हजला त्याचं पदक मिळालं २००९ साली.